बदलापूर पूर्वेचा टू बीएचके: दोन मुलं, सासूबाई आणि दादरची नोकरी एवढ्यात बसतं का?

रेटिंग आधीच देऊन टाकते. घराला पाचपैकी चार, गावाला साडेतीन, लोकलला दोन. सरासरी तुम्हीच काढा, मी काढली की नवरा म्हणतो लोकलला दोन पण जास्त झाले.

ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढं घेऊन जा: कुटुंब वाढतंय म्हणून लांब जाऊन मोठं घर घेताय ना, तर तिसऱ्या बेडरूमच्या मागे लागू नका, दुसरं टॉयलेट आणि स्टेशनपर्यंत चालत जाता येईल एवढं अंतर या दोन गोष्टींसाठी पैसे मोजा. बाकी सगळं तडजोडीत बसतं, या दोन बसत नाहीत.

आता सविस्तर. आम्ही भांडुपला भाड्याच्या वन बीएचकेत होतो, मुलगी दुसरीत, त्यात धाकटा झाला, मग साताऱ्याकडून सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या आणि त्या घरात झोपायचं गणित रोज रात्री नव्यानं मांडावं लागायला लागलं. नवऱ्याचं ऑफिस दादरला, आठवड्याचे पाचही दिवस जावंच लागतं. माझं ऑफिस ठाण्याला पण मला दोनच दिवस जायचं असतं, बाकी घरून काम. म्हणजे घरात एक खोली अशी पाहिजे होती जिथे दार बंद करून मी मीटिंग घेऊ शकेन आणि बाहेर सासूबाईंची मालिका चालू राहील. अशी ऑर्डर घेऊन आम्ही बाजारात उतरलो.

ठाणं एका रविवारात बाद झालं. तिथे आमच्या बजेटमध्ये जे मिळत होतं ते भांडुपच्या घराएवढंच होतं, फक्त लॉबीत झुंबर होतं.

डोंबिवली ही खरं तर आमची पहिली पसंती. आणि अजूनही कोणी मला विचारलं की पैशाचा प्रश्न नसेल तर कुठे, तर मी डोंबिवलीच म्हणेन. क्लासेस, डॉक्टर, नाटक, पोळीभाजी केंद्र, लायब्ररी, सगळं पायाखाली. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये तिथूनच सुरू झाली, दिवाळीला फडके रोडवर जी गर्दी होते ती बघायला आम्ही भांडुपहून जायचो. दादर फास्टनं पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. पण स्टेशनजवळचं जे परवडत होतं ते सगळं जुनं, लिफ्ट नसलेलं, तिसरा मजला, आणि सासूबाईंचे गुडघे. नवीन जे परवडत होतं ते स्टेशनपासून इतकं लांब की रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यात फास्ट लोकलनं वाचवलेला वेळ परत द्यायचा. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, ज्यांच्यासाठी खोट्या बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मिळवलेले होते, ते वाचल्यावर आमच्या घरात दोन दिवस घर हा विषयच निघाला नाही. त्यात राहणाऱ्या लोकांनी कर्ज काढून, नंबर बघून घर घेतलं होतं हो. डोंबिवली वाईट असं म्हणायचं नाहीये, पण "रेरा नंबर आहे ना, मग झालं" हे वाक्य तेव्हापासून आमच्याकडे बंद.

पनवेल, कामोठे, खारघर पण बघून आलो. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, झाडं, फुटपाथवर खरंच चालता येतं. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबईचं विमानतळ पण झालं, त्यामुळे तिथला प्रत्येक एजंट विमानतळाकडे बोट दाखवूनच बोलायला सुरुवात करतो. पण हार्बरला फास्ट लोकल नाही, प्रत्येक स्टेशनला थांबत जायचं, आणि दादरला जायचं तर कुर्ल्याला उतरून गाडी बदलायची. आम्ही वर्षातून एकदा विमानात बसणारी माणसं, रोज लोकलमध्ये बसणारी. (बसणारी म्हणजे उभी राहणारी.) ज्यांचं ऑफिस बेलापूर, वाशी, ऐरोली या बाजूला आहे त्यांनी मात्र हा परिच्छेद विसरून सरळ तिकडेच घ्यावं, मला हेवा वाटेल. तिथे सिडकोच्या जमिनी बहुतेक भाडेपट्ट्यावर असतात, रिसेलचं घर घेताना सिडकोचे हस्तांतरण शुल्क असतात ते आधी विचारा म्हणजे झालं.

विरार आमच्या लाइनचं नाही म्हणून फार खोलात गेलो नाही. कल्याण चांगलं आहे, जंक्शन असल्यामुळे गाड्या भरपूर, पण आम्हाला परवडणारं तिथेही स्टेशनपासून लांबच.

मग उरलं अंबरनाथ आणि बदलापूर. अंबरनाथला एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं, मुलीला तिथलं शिवमंदिर पण आवडलं होतं, जवळजवळ साडेनऊशे वर्षं जुनं आहे ते, पण मालकानं शेवटच्या क्षणी भाव वाढवला. तसं आम्ही बदलापूरला आलो.

लोकलचं आधी उरकते. बदलापूर सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटर. फास्ट मिळाली तर दादर सव्वा तासाच्या आत-बाहेर. हे गाडीतलं झालं, घरातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत जवळजवळ दोन तास धरा, परत येताना तेवढेच. जमेची बाजू अशी की इथून सुटणाऱ्या गाड्या आहेत, त्यात लवकर जाऊन उभं राहिलं तर बसायला मिळायची शक्यता असते. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी मात्र भरूनच येते, तिचा नाद सोडायचा. खरा त्रास संध्याकाळी. दादरला चढताना आणि कल्याणपर्यंत. आणि काही कारणानं गाड्या उशिरा झाल्या की बदलापूरची गाडी कधी येईल ते इंडिकेटरला पण माहीत नसतं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं खाली पडली, जीव गेले, तो सोमवार होता, नवरा त्याच वेळेस त्याच लाइनवर होता आणि त्याचा फोन लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यानंतर घरात एकच नियम, दारात उभं राहायचं नाही, गाडी सोडायची, उशीर झाला तर झाला. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. पण ब्रोशरमध्ये "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहितात, पुढच्या दीड तासाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं. कल्याण ते बदलापूर तिसरा-चौथा मार्ग मंजूर आहे, काम चालू आहे, झालं की बरं होईल. मेट्रोचं मात्र झाल्यावर बघू. कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो आमच्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये तर जणू आमच्या गेटवरून जाते, त्या रेषेसाठी एक रुपया जास्त देऊ नका.

आणि ते "पाच मिनिटं" कोणाची असतात तेही बघा. आम्ही बाईकवर रविवारी दुपारी गेलो तर खरंच पाच मिनिटं लागली. मग मी एका मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मुद्दाम गेले, मुलाला कडेवर घेऊन, स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत. एका साइटचे "सात मिनिटं" पंचवीस निघाले आणि शेवटचा तुकडा दिव्याशिवाय. ती साइट तिथेच कटाप. तिथे घर शंभर फूट मोठं होतं, सांगते. पण रोजचे दोन वेळचे पंचवीस मिनिटं किंवा रिक्षाचे पैसे आणि रांग, वर पावसाळा, हे वीस वर्षं करायचंय, शंभर फुटांत मी काय ठेवणार होते, जास्तीचा सोफा? आता जे घेतलंय ते बदलापूर पूर्वेच्याच कात्रप भागाच्या अलीकडे आहे, चालत पंधरा मिनिटं, रस्ताभर दुकानं आणि उजेड. नवरा येताना भाजी घेऊन येतो. हा फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

आता घराचं. कारण मला जास्त लोक हेच विचारतात की पाच माणसांना टू बीएचके पुरतो का, थ्रीच घ्यायला हवा होता ना.

आमचा कार्पेट ६१० स्क्वेअर फूट. सेल्सवाल्यानं फोनवर सांगितलेला आकडा ९०० च्या वर होता, तो सेलेबल म्हणायचा. सेलेबल, सुपर बिल्टअप, हे सगळे शब्द कानावरून जाऊ द्यायचे. रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. म्हणजे ६१० मध्ये आतल्या भिंतींची जाडी पण मोजलेली आहे, पायाखाली तेवढं येत नाही. बाल्कनीचा आकडा वेगळा मागायचा आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेट काय लिहिलाय तोच खरा. काही ठिकाणी सॅम्पल फ्लॅटमध्ये बाल्कनी आत घेऊन हॉल लांबच लांब दाखवतात. सॅम्पल फ्लॅटमधला बेड पण मोजा एकदा. मी टेप घेऊन गेले होते, सेल्सची मुलगी बघतच राहिली, बेड पावणेसहा फुटांचा होता. आमचा नवरा पाच फूट अकरा.

टेपवरून आठवलं, हे गणित प्रत्येकानं करा. बेडरूमची एक बाजू ९ फूट असेल तर त्यात साडेसहा फुटांचा बेड आणि समोर दोन फूट खोलीचं कपाट ठेवल्यावर उरतं अर्धा फूट. अर्ध्या फुटात माणूस आडवा होऊन जातो आणि कपाटाचं दार उघडत नाही. साडेदहा फूट असेल तर दोन फूट वाट राहते आणि आयुष्य सुखाचं. म्हणजे एकूण फूट किती यापेक्षा भिंत कुठे आहे हे बघायचं. आम्ही बघितलेल्या एका थ्री बीएचकेमध्ये कार्पेट ७०० च्या आसपास आणि तीन बेडरूम, तिन्हींमध्ये हीच अर्ध्या फुटाची कथा, वर पॅसेजमध्येच इतकी जागा गेलेली की तिथे कॅरम मांडता येईल. त्यापेक्षा आमचा टू बीएचके बरा, दोन्ही बेडरूम १० बाय ११ च्या आसपासच्या, हॉल चौकोनी नाही, लांबट आहे, त्यामुळे खिडकीकडच्या टोकाला पडदा लावून दिवाण टाकलाय.

कोण कुठे झोपतं विचाराल तर, एका खोलीत सासूबाई आणि मुलगी. आम्ही दोघं आणि धाकटा दुसऱ्या खोलीत. पाहुणे दिवाणावर. दिवसा सासूबाईंची खोली माझं ऑफिस होते कारण त्या हॉलमध्ये असतात, दार बंद होतं, मुख्य म्हणजे दार नीट बंद होतं, कारण हॉल आणि ती खोली यांच्यामध्ये छोटासा बोळ आणि बाथरूम आहे, आवाज अडतो. ज्या लेआउटमध्ये दोन्ही बेडरूमची दारं थेट हॉलमध्ये उघडतात तिथे टीव्ही चालू असला की मुलं झोपत नाहीत आणि मुलं झोपली की टीव्ही चालत नाही. नकाशावर हे दिसतं, पण आपण नकाशात आधी किचन बघतो.

मुलगी मोठी झाली की वेगळी खोली लागेल, ही शंका सगळ्यांची. लागेल. पण तेव्हा धाकटा हॉलमध्ये झोपेल, मुलगे हॉलमध्येच मोठे होतात आपल्याकडे, त्यात काय. शिवाय मुलीला वेगळी खोली हवीशी वाटेपर्यंत सहा-सात वर्षं आहेत आणि नंतर कॉलेजला ती कुठे असेल कोणी सांगावं. चार-पाच वर्षांच्या गरजेसाठी वीस वर्षांचा हप्ता वाढवायचा का, हा हिशेब आम्ही कागदावर मांडला.

तो हिशेब असा, आकडे गोल करून. आमचं घर ४४ लाखांना पडलं, अंडर कन्स्ट्रक्शन. त्याच बिल्डिंगमध्ये थ्री बीएचके ८०० च्या वर कार्पेट, ५८ लाख. फरक १४ लाख. साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर लाखाला महिना साधारण ८७० रुपये हप्ता, म्हणजे १४ लाखांचे बारा हजारांच्या वर दरमहा. आपल्याच घरातल्या एका खोलीचं भाडं झालं ते. पण खरी मेख जीएसटीत आहे आणि ती सेल्सवाले आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत किंमत, या दोन्ही अटी पाळणारं घर परवडणाऱ्या घरात धरतात आणि त्याला १ टक्का जीएसटी. यातली एक जरी अट मोडली तरी ५ टक्के, तोही पूर्ण रकमेवर. ६० चौरस मीटर म्हणजे ६४५ स्क्वेअर फूट. आमचे ४४ हजार झाले, थ्रीचे २ लाख ९० हजार झाले असते. ६५० फुटांचा "जंबो टू बीएचके" कोणी दाखवत असेल तर ते पाच फूट तुम्हाला किती महागात पडतायत ते आधी बघा. आणि ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळालेलं तयार घर किंवा रिसेल घेतलं तर जीएसटी लागतच नाही, त्यामुळे रिसेल चार पैसे महाग वाटलं तरी एकदा सगळं बेरीज करून बघावं.

घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. यात स्त्रीवाद वगैरे काही नाही, मुद्रांक शुल्कात बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती जाते. एक टक्का म्हणजे ४४ हजार, बरोब्बर जीएसटी निघाला. नवरा कर्जात आहे, मालकीत नाही, आणि भांडण झालं की मी आठवण करून देते. नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, ती सगळ्यांना सारखीच. हे सगळे पैसे रोख तयार ठेवावे लागतात. ३० ते ७५ लाखांच्या मध्ये कर्ज असेल तर बँक किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जात नाही आणि घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. आम्ही ८० टक्के कर्ज काढलं, उरलेल्यात माझं सोनं गेलं थोडं, ते जाऊ दे.

दुसऱ्या टॉयलेटचं मी वर लिहिलंय, त्यावर थोडं अजून. नवऱ्याला पावणेसातच्या सुमाराची गाडी, मुलीची बस त्याच सुमाराला, सासूबाईंना सकाळी वेळ लागतो, त्यांना घाई करणं बरोबर नाही. एका टॉयलेटमध्ये हे बसत नाही म्हणजे नाही, बेडरूम दहा असू देत. इथे दोन आहेत, पण दोन्हींचा विचार वेगवेगळा करा. मास्टरला जोडलेलं टॉयलेट फक्त त्या खोलीच्या माणसांचं होतं, रात्री त्यात कोणी बाहेरचं जाऊ शकत नाही. म्हणून मास्टर बेडरूम आम्ही सासूबाईंना दिली. लोकांना हे विचित्र वाटतं, आमच्या कामवाल्या मावशींना पण वाटलं, पण रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाला अंधारात पॅसेज ओलांडायला लागू नये एवढा साधा विचार आहे. तिथे पकडायला दांडी बसवून घेतली, टाइल्स खरखरीत घेतल्या. बाथरूमचं दार मोजा, बऱ्याच ठिकाणी दोन सव्वादोन फुटांचं असतं, वॉकर जात नाही.

पाणी आणि लाइट. पाणी रोज येतं पण दाब कमी, उन्हाळ्यात टँकर मागवलेत सोसायटीनं, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये. लाइट पावसाच्या पहिल्या वाऱ्यात जाते. लिफ्टला बॅकअप आहे का हे विचारा आणि "आहे" म्हटल्यावर जनरेटर कुठे ठेवलाय तो दाखवा म्हणा. आम्हाला दाखवायला तेव्हा नव्हता, ताबा मिळाल्यावर सोसायटीनं भांडून बसवून घेतला. बिल्डरचं नाव लिहीत नाही, भिंतीत ओल आली होती ती त्यानं पहिल्या पावसानंतर येऊन करून दिली, पण तीन अर्ज आणि रेराच्या कलमाचा उल्लेख केल्यावर. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याची असते, तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करायचं असतं, लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर "सर प्लीज बघा ना" असं नको. तसंच बुकिंगच्या वेळी अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर रक्कम मागता येत नाही. आमच्याकडे वीस मागितले होते, कलम १३ म्हटल्यावर "मॅडम, सगळे देतात" म्हणाले आणि दहावर आले.

कागद एका वकील बाईंना दाखवले. सातबारा, एनए (जमीन बिगरशेती असल्याचा कागद), टायटल म्हणजे मालकीहक्क, आणि मुख्य म्हणजे सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, खरी आहे का ते नगरपरिषदेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारलं. ६५ इमारतींच्या भानगडीनंतर ही मी घर घेण्यातली एक पायरीच धरते, महारेराच्या साइटवर सीसीचा पीडीएफ दिसला म्हणून सोडायचं नाही.

पूर्व घ्यायची की पश्चिम यावर इथे दोन पार्ट्या आहेत. पश्चिमेला भाव काही ठिकाणी कमी, मोकळं वाटतं, उल्हास नदी जवळ, हवा छान. पण तीच नदी जुलैमध्ये बघायची. २६ जुलै २००५ चं पाणी इथले जुने लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, आणि २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी, एनडीआरएफ आणि नौदलानं बोटींतून काढले, टीव्हीवर सगळ्यांनीच बघितलं असेल. हेंद्रेपाडा, रमेशवाडी अशा भागांत पाणी शिरतं. नदीजवळचं घर बघत असाल तर पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, लाल म्हणजे शंभर वर्षांतला. एजंट "मॅडम, इथे कधीच पाणी येत नाही" म्हणतो, त्यापेक्षा शेजारच्या किराणावाल्याला विचारा, तो फ्रीज किती वर ठेवतो ते बघा. पूर्वेला हा प्रश्न आमच्या भागात नाही पण पूर्व-पश्चिम जायला पुलावर संध्याकाळी जी गर्दी होते त्यात रिक्षात बसून पुस्तक संपतं.

मुलांसाठी गाव चांगलं आहे, यात मी हातचं राखत नाही. मोकळी जागा, डोंगर दिसतात, जूनमध्ये जांभळं, इथल्या जांभळाला जीआय मानांकन पण मिळालंय. मुलीला सोसायटीत सात-आठ मैत्रिणी एका आठवड्यात. शाळेच्या बाबतीत मात्र घर घ्यायच्या आधी प्रवेश कुठे मिळेल ते विचारून घ्या, मधल्या इयत्तेत जागा नसते, आम्हाला मनातली शाळा मिळाली नाही, मिळाली ती बरी आहे. बालरोगतज्ज्ञ जवळ आहेत. पण मोठं काही झालं तर कल्याण-डोंबिवली किंवा ठाणं गाठावं लागतं, रात्री रस्ता मोकळा असतो हे नशीब. घरात हृदयाचे किंवा डायलिसिसचे पेशंट असतील तर मी डोंबिवलीतलं छोटं घर घ्या म्हणेन, बिनदिक्कत.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये भांडुपपेक्षा चांगलंच जास्त तापतं, समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत संपलेला असतो. सगळ्यात वरचा मजला स्वस्त देतायत म्हणून घेऊ नका. पश्चिमेला तोंड असलेली बेडरूमही नको, आमच्या शेजाऱ्यांची आहे, रात्री दहापर्यंत भिंत गरम असते.

नवरा-बायको दोघंही रोज दादरच्या पुढे जाणार असाल आणि मुलं लहान, घरात मोठं माणूस कोणी नाही, तर इथला टू बीएचके कितीही छान असला तरी घेऊ नका, मुलं पाळणाघरात सकाळी सात ते रात्री साडेआठ राहतील. अशा वेळी डोंबिवलीचा वन बीएचके भाड्यानं घ्या, मुलं शाळेत रुळेपर्यंत. अंधेरी-गोरेगावकडे जाणाऱ्यांनी तर इकडे फिरकूच नये, तुमच्यासाठी वसई आणि नायगाव आहेत. आमच्यासारखं एक जण लोकलवाला, एक जण बहुतेक घरी, वर आजी असं घर असेल तर या बघायला, पण रविवारी नाही, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातच्या लोकलनं दादरहून या.